प्रत क्रमांक १४ आणि गेटवरची वही

मसुदा अहवाल फुटला, त्याची चौकशी आमच्या शाखेनं कशी केली ते लिहायला बसलोय, पण डोक्यात अजून ती वहीच आहे. लाल कापडी पाठीची, सदस्यांच्या निवासस्थानाच्या गेटवर ठेवलेली, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही. तिचं एक पान बघायला मला ५३ दिवस लागले, आणि ते सगळे दिवस एक माणूस पेन्शनसाठी ताटकळत होता.

मी एका विधिमंडळाच्या सचिवालयात समिती शाखेत कक्ष अधिकारी होतो. कोणतं विधिमंडळ, कोणती समिती, ते लिहीत नाही. मसुद्यावर समितीची बैठक व्हायची होती, त्याच्या दोन दिवस आधी एका वर्तमानपत्रात आमच्या शिफारशी जशाच्या तशा छापून आल्या. सोबत एका पानाचा फोटो. समितीचा अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत कोणालाही दाखवता येत नाही. लोकसभेच्या नियमांतला २७५ वा नियम हेच सांगतो. तो आधीच बाहेर देणं हा हक्कभंग ठरतो. संसदेचे हे विशेषाधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद १०५ मध्ये आहेत, राज्यांच्या सभागृहांचे १९४ मध्ये. समितीप्रमुखांनी सांगितलं, आधी घरात शोधा, मग सभागृहाच्या अध्यक्षांकडे जाऊ.

प्रती एकूण २२. प्रत्येकीवर क्रमांक, सीलबंद लखोटा, पोच घेऊनच द्यायची. सगळ्या सदस्यांना पत्रं गेली, उत्तरं आठवड्यात आली, प्रत्येकाचं एका ओळीत: मी प्रत कोणालाही दिलेली नाही. ते तेवढ्यावर मिटलं. टंकलेखकांचे, झेरॉक्सवाल्या मुलाचे आणि शिपायांचे जबाब मात्र तीन-तीन तास चालले. या फरकाचा मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो.

फोटोतल्या पानाचा वरचा कोपरा कापलेला होता, म्हणजे प्रतीचा क्रमांक गेला. पण डाव्या कडेला दोन गोल भोकं स्पष्ट दिसत होती. आमच्या प्रती नुसत्या टाचलेल्या होत्या, पंच केलेल्या नव्हत्या. म्हणजे ज्यानं कोणी ते पान बाहेर दिलं, त्याच्याकडे प्रत पोचून फाइलला लागल्यानंतरचं ते पान होतं. हे मी तिसऱ्या दिवशी टिपणीत लिहिलं. त्या टिपणीवर सही झाली आणि ती नस्तीत, म्हणजे प्रकरणाच्या फाइलीत, खाली गेली.

कारण तोवर सगळ्यांचं बोट प्रत क्रमांक १४ वर गेलं होतं. ती प्रत आमच्या शिपाईमामांनी रात्री निवासस्थानी नेऊन दिली होती. पोचेवर सही होती, वेळ नव्हती. त्या सदस्यांच्या स्वीय सहायकानं लिहून दिलं की लखोटा आपल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला आणि तो उघडा होता. मग मधली रात्र कोणाची? मामा एकच सांगत होते, ‘साहेब, साडेनवाला कक्षसेवकाच्या हातात दिला. गेटच्या वहीत लिहिलंय.’

मामा त्याच महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. ना-चौकशी प्रमाणपत्राशिवाय पेन्शनचे कागद पुढे सरकत नाहीत, आणि चौकशी चालू असताना ते प्रमाणपत्र देणार कोण? निवृत्तीनंतरही ते दर सोमवारी येत. प्लास्टिकच्या पिशवीत सेवापुस्तकाची झेरॉक्स आणि बँकेचं पासबुक. बाकावर बसत, चहा विचारला तर नको म्हणत.

आता वहीचं ऐका. गेटवर गेलो तर पहारेकरी म्हणाला, लेखी आणा. लेखी नेलं तर सुरक्षा कार्यालय म्हणालं, इमारत आमच्याकडे नाही, दुसऱ्या शाखेकडे आहे. ती शाखा म्हणाली, कक्ष अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र चालत नाही, वरच्या सहीनं पाठवा. वरची सही दौऱ्यावर होती, त्यात ११ दिवस गेले. सही झाली, तेव्हा कळलं की ती वही भरली म्हणून रेकॉर्ड रूमला गेली. रेकॉर्ड रूमच्या यादीत वर्ष होतं, महिना नव्हता. मग दिवाळीच्या सुट्ट्या. सुट्ट्यांनंतर ज्याच्याकडे कपाटाची किल्ली, तो गावी. मी रोज जेवणाच्या सुट्टीत तिथं जाऊन उभा राहायचो. एकदा आवाज चढला माझा, आणि दोन दिवस पत्र जागचं हललं नाही. आवाज चढवू नका, एवढंच त्यातून शिकलो. पण जाणंही थांबवू नका. पत्रावर तारीख-शिक्का असलेली आवक पोच दर वेळी घ्या. माझ्याकडे अशा नऊ पोचा जमल्या होत्या आणि शेवटी त्या समोर मांडल्या म्हणूनच कपाट उघडलं.

त्या दिवसांत संध्याकाळी ग्रंथालयात बसून जुनी उदाहरणं काढली. ब्रिटनमध्ये १९९९ साली परराष्ट्र व्यवहार समितीचा सिएरा लिओनवरचा मसुदा फुटला होता. तो परराष्ट्रमंत्र्यांच्या कार्यालयाकडे दिला होता समितीचे सदस्य अर्नी रॉस यांनी. त्यांनी समिती सोडली आणि सभागृहानं त्यांना १० दिवसांसाठी निलंबित केलं. आपल्याकडे २०११ च्या एप्रिलमध्ये टू-जी (मोबाइल स्पेक्ट्रम वाटप) प्रकरणावरचा संसदेच्या लोकलेखा समितीचा मसुदा बैठकीआधीच बाहेर आला. मुरली मनोहर जोशी त्या समितीचे अध्यक्ष होते. २०१३ मध्ये त्याच विषयावरच्या संयुक्त समितीचा मसुदा फुटला. नोव्हेंबर २०२३ मध्ये खासदार महुआ मोइत्रांबद्दलचा लोकसभेच्या आचार समितीचा मसुदाही बैठकीआधी वाहिन्यांवर होता. हे सगळं मी टिपणीत घातलं आणि खाली लिहिलं: ब्रिटनच्या उदाहरणात प्रत देणारा सदस्य होता, शिपाई नव्हे. ते वाक्य काढायला सांगितलं गेलं. मी काढलं नाही.

एक राहिलंच. झेरॉक्स यंत्रावर एकूण किती प्रती निघाल्या त्याचा आकडा असतो. बातमी आली त्याच सकाळी तो लिहून घ्यायला हवा होता. मला चौथ्या दिवशी सुचलं, तोवर बाकीची कामं होऊन आकडा निरुपयोगी झाला होता. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्या तासात तेवढं करा, आणि गेटच्या वहीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुसरं, प्रत्येक प्रतीत एखादी ओळ वेगळ्या जागी तोडा. क्रमांक कापता येतो, ओळ कापता येत नाही.

५३ व्या दिवशी गठ्ठा सोडला. सुतळी कापायला ब्लेड मीच नेलं होतं. पान सापडलं. रात्री ९.३५, मामांचं नाव त्यांच्याच मोठ्या, सुट्या अक्षरांत. कामाच्या रकान्यात ‘गो. लखोटा’, म्हणजे गोपनीय लखोटा. शेऱ्याच्या रकान्यात कक्षसेवकाची सही आणि त्याच्याच हातचं: ‘सील शाबूत’. मामांनी त्याच्याकडून हट्टानं लिहून घेतलं होतं. बाहेर पडल्याची वेळ ९.५०. मी तिथं जमिनीवरच बसलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, लपवत नाही.

ज्यानं अहवाल फोडला तो सापडला नाही. वर्तमानपत्रानं नाव सांगायला नकार दिला. प्रेस कौन्सिल कायदा, १९७८ च्या कलम १५ मध्ये पत्रकाराला स्रोत सांगायला भाग पाडता येत नाही असं आहे, पण ते संरक्षण कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतं. सभागृहाला ते बांधत नाही. तरी संपादकांना बोलवायचं नाही असं समितीनं ठरवलं आणि मला ते पटलं. बातमी छापणाऱ्यानं गोपनीयतेची हमी दिलेली नव्हती, ती आमच्यातल्या कोणी तरी दिली होती.

मामांना प्रमाणपत्र मी स्वतः दिलं. उभ्यानं वाचलं त्यांनी, पुन्हा एकदा वाचलं, आणि दोन झेरॉक्स कुठं मिळतील ते विचारलं. पोचेवर वेळेचा आणि सीलच्या स्थितीचा रकाना हवा, अशी टिपणी मी त्याच आठवड्यात टाकली. आता त्या शाखेच्या प्रत्येक पोचेवर ते दोन्ही रकाने आहेत.