वजनकाटा घेऊन लिफ्टमध्ये

परवा माझी नववीतली भाची वहीत चित्र काढत बसली होती. वर फेकलेला चेंडू आणि त्याला दोन बाण. खालच्या बाणाशी 'गुरुत्व' लिहिलेलं, वरच्याशी 'हाताचं बल'. मी बघून मान डोलावली. शाळेत मीही हेच काढलं होतं. त्याचे गुण कापले गेले होते, पण का कापले हे विचारायचं काही सुचलं नव्हतं. या वेळी भाचीच म्हणाली, "आत्या, उत्तरात एकच बाण दिलाय. खालचा."

चेंडू वर चाललाय आणि वर ढकलणारं काहीच नाही? मग जातोय कशाच्या जोरावर? हा 'कशाच्या जोरावर'च घात करतो बहुतेक. जोर संपला की थांबायचं, हे आपल्या बोलण्यातच मुरलेलं आहे. नंतर वाचलं की १४व्या शतकात ज्याँ बुरिदाँ नावाच्या फ्रेंच पंडितानेही जवळपास असंच मांडलं होतं. फेकणारा वस्तूत एक जोर भरतो आणि तोच तिला पुढे नेत राहतो. म्हणजे माझी चूक निदान खानदानी निघाली.

वाद मिटेना, तेव्हा आम्ही वजनकाटा घेऊन लिफ्टमध्ये शिरलो. आधी डिजिटल काटा नेला, तो फुकट गेला. आकडा स्थिरावेपर्यंत तो काही दाखवत नाही आणि एकदा दाखवला की तोच धरून बसतो. मग माळ्यावरून तबकडीचा जुना काटा काढला. त्याची सुई हलते, आणि आम्हाला हलणंच बघायचं होतं.

माझं वजन ६२ किलो. निघण्याआधी दोघींनी आपापला अंदाज कागदावर लिहिला. माझा होता, वर जाताना पूर्ण वेळ जास्त आणि खाली येताना पूर्ण वेळ कमी. भाचीने नुसतं 'सुटताना जास्त' एवढंच लिहिलं.

लिफ्ट सुटली तशी सुई ६८च्या आसपास गेली. मी विजयी मुद्रेने भाचीकडे बघितलं, तोवर सुई परत ६२वर. दुसरा मजला गेला, तिसरा गेला, चौथा गेला, सुई जागची हलायला तयार नाही. घरात फरशीवर उभी असताना दाखवते तशीच. सातवा यायला लागला तशी ती ५६पर्यंत घसरली आणि लिफ्ट थांबल्यावर पुन्हा ६२वर आली. ते ५६ भाचीच्याही कागदावर नव्हतं, एवढंच माझं समाधान. काट्यावर संशय घेऊन मी आणखी पाच फेऱ्या मारायला लावल्या. काटा बरोबर होता.

काटा मला जेवढ्या बलाने वर रेटतो, तेवढंच किलोत बदलून दाखवतो. पृथ्वी मला ओढते ती ६२ गुणिले ९.८, म्हणजे साधारण ६०८ न्यूटन बलाने. मधल्या मजल्यांवर काट्याचा रेटाही ६०८च होता. दोन्ही तोलून निघाले, हाती शून्य उरलं, आणि तरी मी वर चालले होते! जादा रेटा लागला तो फक्त सुटताना, वेग वाढायचा होता तेव्हा. ६८ किलो म्हणजे साधारण ६६६ न्यूटन. वरचे ५८ न्यूटन भागिले माझे ६२ किलो, त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, झालं दर सेकंदाला जवळपास १ मीटर प्रतिसेकंद. 'बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण' हे मी कधीकाळी घोकलं होतं, पण त्यातलं त्वरण म्हणजे वेग नव्हे हे पायाखाली कळायला सातवा मजला गाठावा लागला.

याच काट्याने आणखी एक गाठ सोडवली. टेबलावरच्या पुस्तकाला पृथ्वी खाली ओढते आणि टेबल वर रेटतं, हीच क्रिया-प्रतिक्रियेची जोडी, असं मी इतकी वर्षं धरून होते. पण न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली जोडी कायम समान असते, आणि इथे तर ओढ ६०८ असताना रेटा ६६६वर गेला होता. शिवाय दोन्ही बलं माझ्यावरच. जोडीतलं एक माझ्यावर असेल तर दुसरं समोरच्यावर हवं. पृथ्वी मला ओढते, तशी मीही पृथ्वीला ६०८ न्यूटननेच ओढते. तिचं वस्तुमान ६वर २४ शून्ये इतके किलो, त्यामुळे माझ्या ओढीने तिला मिळणारं त्वरण लिहायचं तर दशांश चिन्हापुढे २१ शून्ये आणि मग १. 'प्रतिक्रिया' हा शब्दही मला जरा फसवाच वाटतो. आधी एकाने काही करावं, मग दुसऱ्याने उत्तर द्यावं असं वाटतं त्यातून. इथे दोन्ही एकाच क्षणी.

घरी येऊन भाचीने वरचा बाण खोडला. हात सुटला तेव्हाच हाताचं बल संपलं, चेंडूकडे उरला तो वेग. मला हे अजून थोडं जड जातंय. कपाट ढकलायचं थांबवलं की कपाटही थांबतं, हे इतक्या वेळा पाहिलंय की तिथे घर्षण उलटं खेचत असतं याचा विसर पडतो.

दुसऱ्या दिवशी भाची दारातूनच ओरडली, "आत्या, काटा ५६वर आहे. लिफ्ट वर चाललीय की खाली?"

"खाली. नुकती सुटलीय."

"नाही. वर चाललीय, थांबायला आलीय."

मी बोलायला तोंड उघडलं आणि आदल्या दिवशीच्या फेऱ्यांच्या नोंदींचा कागद शोधायला गेले. वर थांबताना आणि खाली सुटताना, दोन्हीकडे ५६च लिहिलेलं होतं.