आधी कल्ले बघा

खाऱ्या पाण्यातला मासा आजारी पडला की दुकानात ठरलेलं उत्तर मिळतं: ‘इच’ झालाय, औषध टाका. इच म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन, अंगावर मिठाच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके आणणारा परजीवी. बऱ्याचदा तो असतोही. पण मी माशांचे आजार तपासते म्हणून ठाण्यातल्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांचा त्यांच्या दवाखान्यातल्या टाकीसाठी फोन आला, तेव्हा त्यांच्या बोलण्यात ठिपके कुठेच नव्हते. बटरफ्लाय मासा सकाळी मेलेला सापडला, बाकीच्यांनी खाणं सोडलंय आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून टाकीतलं मीठ कमी करायला घेतलंय, एवढंच त्या म्हणाल्या. मासे श्वास कसा घेतायत, असं मी विचारलं. त्यांनी फोन मावशींच्या हातात दिला. दवाखान्याच्या टाकीवर दिवसभर नजर असते ती मावशींचीच.

“ताई, दोन दिवस झाले, सगळे पंपाच्या तोंडाशी येऊन उभे राहतात. तिथून हलत नाहीत. आणि लाइट लावला की तो निळा मासा दगडामागे जातो.”

ऐकलं आणि मी सामान भरायला लागले. मेलेला मासा टाकून देऊ नका, फ्रीजरमध्येही ठेवू नका, टाकीच्याच पाण्यात घालून पिशवी बर्फावर ठेवा, असं मावशींना सांगितलं. मासा मेला की परजीवी त्याला सोडून जातात आणि गोठवला तर पेशी फुटून स्लाइडवर नुसता चोथा दिसतो.

पोचले तेव्हा सकाळची ओपीडी आटोपली होती. मी आधी पाणी तपासते. धाप लागायला रोगच कारण असतो असं नाही. अमोनिया वाढला किंवा रात्री वीज जाऊन हवा बंद पडली, तरी मासे असेच हाफतात. इथे अमोनिया शून्य, पीएच 8.1, तापमान 27 अंश. पाण्याचा खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर मात्र 1.025 च्या जागी 1.018. मीठ हळूहळू 1.009 पर्यंत उतरवणं हा इचवरचा मान्य उपाय आहे, त्यामुळे दुकानदाराचा सल्ला अगदीच हवेतला नव्हता. फक्त हा इच आहे की नाही, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

मग पडदे ओढून दिवे बंद केले आणि टॉर्च बाजूने, तिरका धरला. समोरून प्रकाश टाकला तर काही दिसत नाही. पावडर ब्लू टँगच्या, म्हणजे मावशींच्या त्या निळ्या माशाच्या, पाठीवरच्या पराच्या मुळाशी पिवळसर भुकटी चमकली, अगदी बारीक. हा टँग आठवड्यापूर्वीच आणलेला, थेट टाकीत सोडलेला. फॉक्सफेस आणि क्लाउनची जोडी वरून स्वच्छ दिसत होती, पण कल्ल्यांच्या झडपा सगळ्यांच्याच जोरात हलत होत्या. अंग स्वच्छ आणि श्वास असा असला, की दुखणं कल्ल्यात आहे असं समजून चालावं.

टँगला लवंगाच्या तेलाची अगदी हलकी भूल दिली आणि कल्ल्याच्या टोकाचा, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा तुकडा कात्रीने घेतला. स्लाइडवर टाकीचंच पाणी घातलं. नळाचं पाणी घातलं तर समुद्री परजीवी तिथेच फुटतात. रिसेप्शनच्या टेबलावर मायक्रोस्कोप मांडला आणि 40 पटीवरच उत्तर मिळालं. निरोगी कल्ला कंगव्याच्या दातांसारखा दिसतो, ओळीने, मोकळ्या फटींसह. इथे फटी सुजून बुजल्या होत्या आणि त्यांत तपकिरी, लांबट गोल पिशव्या रुतून बसल्या होत्या. सगळ्या निश्चल.

डॉक्टर मागे उभ्याच होत्या. “अगं, हे हलत का नाहीत?”

तेच महत्त्वाचं होतं. क्रिप्टोकॅरिऑन असता तर अंगभर केस असलेला गोळा गरगर फिरताना दिसला असता. ब्रुकलिनेला हा दुसरा परजीवी असता, तर ते चपटे जीव सरपटत गेले असते. हे न हलणारे म्हणजे अमायलूडिनियम, ज्याला टाकीवाले व्हेल्वेट म्हणतात. खात्री करायला ल्युगॉलचं आयोडीन हवं होतं. माझी बाटली संपत आली होती, पण खालच्याच मजल्यावर पॅथॉलॉजी लॅब आहे आणि शौचाच्या तपासणीसाठी हे आयोडीन लॅबमध्ये असतंच. तिथल्या मुलाने ड्रॉपर भरून दिला. कव्हर स्लिपच्या कडेला एक थेंब सोडला, पलीकडून टिपकागदाने ओढून घेतला, आणि एकेक पिशवी गडद होत काळपट झाली. या जिवाच्या पोटात स्टार्च साठलेला असतो, तो आयोडीन धरतो. माशाच्या पेशी पिवळसरच राहिल्या. डॉक्टर बराच वेळ डोळा लावून बसल्या.

अमायलूडिनियम हा डायनोफ्लॅजेलेट या एकपेशी जिवांपैकी, म्हणजे कोकण किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या उजळवणाऱ्या नॉक्टिल्युकाच्याच कुळातला. रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकत असताना ते निळं पाणी बघायला आम्ही वाळूवर थांबायचो. त्याच घराण्यातला एक जीव माशाच्या कल्ल्यात मुळं रोवून पेशी शोषतो, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. पोट भरलं की तो माशाला सोडून तळाशी जातो, भोवती कवच करतो आणि आत दुभंगत राहतो. एकातून 256 पर्यंत पिल्लं पोहत बाहेर पडतात आणि नवा मासा शोधतात. आपल्याकडच्या उबदार टाकीत हे सगळं आठवड्याच्या आत उरकतं. मिठाच्या चढउताराचं त्याला फारसं काही वाटत नाही. म्हणूनच मीठ कमी करण्यात वाया जाणारा प्रत्येक दिवस मला बोचत होता.

“मग औषध कोणावर चालतं?” डॉक्टरांनी विचारलं.

यावरचं औषध म्हणजे पाण्यात मोजून घातलेलं तांबं. त्याचा मारा बसतो तो पोहणाऱ्या पिल्लांवर. कल्ल्यात रुतलेले आणि कवचातले त्यातून वाचतात, म्हणून ते बाहेर पडेपर्यंत पाण्यात तांबं सतत हवं. डॉक्टरांना हे लगेच पटलं. व्हायव्हॅक्स मलेरियात ताप उतरला तरी यकृतात दडलेल्या परजीवीसाठी प्रायमाक्विन 14 दिवस घ्यावं लागतं, हे त्या आईबापांना नेहमीच समजावतात.

“टाकीतच टाकूया मग.”

ते करता येत नव्हतं. टाकीत लाल-पांढरी क्लीनर कोळंबी होती. पेशंट मुलांनी तिचं नाव ‘नर्स’ ठेवलंय. आणखी काही शंख होते. तांब्याने माशांआधी हेच मेले असते. शिवाय तळाचा शिंपल्यांचा चुरा आणि चुनखडीचे दगड तांबं शोषून घेतात आणि पाण्यातलं प्रमाण हाताबाहेर जातं. पोवळी तर नव्हतीच, ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि कुणी आणून देतो म्हणालं तरी घेऊ नयेत. मासे बाहेर काढायचे आणि टाकी सहा आठवडे बिनमाशांची ठेवायची, हाच रस्ता. मासाच मिळाला नाही की पिल्लं मरतात.

संध्याकाळची ओपीडी सुरू व्हायच्या आत आम्ही औषधांच्या खोलीत मोठा प्लॅस्टिकचा टब लावला. नवं खारं पाणी मुद्दाम 1.018 लाच कालवलं, दमलेल्या माशांना आणखी एक धक्का नको म्हणून. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, एक स्पंज फिल्टर, दोन एअरस्टोन. वाळू नाही, दगड नाही. टबात सोडण्यापूर्वी प्रत्येक माशाला गोड्या पाण्याची चार मिनिटांची अंघोळ घातली. आरओचं पाणी, तापमान जुळवलेलं, खाण्याचा सोडा घालून पीएच वर आणलेला, हवा सुरू. काही परजीवी त्यात गळून पडतात आणि माशाला श्वासापुरती उसंत मिळते. फॉक्सफेस मी जाळीने काढला नाही, प्लॅस्टिकच्या भांड्यात हाकून घेतला. त्याच्या पाठीचे काटे विषारी असतात आणि जाळीत अडकले की त्यालाही इजा होते.

टँग त्या रात्रीच गेला. कल्ले पाहिल्यावर मला ती भीती होतीच, तरी सकाळी निरोप वाचून वाईट वाटलं. तो आला तेव्हा बहुधा कल्ल्यात थोडे परजीवी घेऊनच आला होता.

तांब्याचं प्रमाण लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅममध्ये राखावं लागतं. खाली गेलं तर परजीवी जगतो, वर गेलं तर माशालाच बाधतं. अनेक घरी उपचार फसतो तो इथेच, कारण चौथ्या-पाचव्या दिवशी मासा तरतरीत दिसतो आणि चाचणी राहून जाते. हा दवाखाना मात्र लहान मुलांचा. लसींच्या फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा लिहायची सवय तिथे मुरलेली. रिसेप्शनिस्टने तसाच तक्ता टबावर चिकटवला: वेळ, तांबं, अमोनिया, सही. 21 दिवसांत एक रकाना रिकामा राहिला नाही. इतकी चोख नोंद मी मोठ्या मत्स्यालयांतही क्वचितच पाहिली आहे.

क्लाउन आधी खायला लागले, फॉक्सफेसने शेवाळाची पट्टी नंतर बऱ्याच दिवसांनी तोडली. तांबं संपल्यावर त्याच्या कल्ल्याचा तुकडा पुन्हा पाहिला. टोकं थोडी जाड झालेली, पण फटी मोकळ्या आणि आयोडीन घातल्यावर काळं काहीच नाही. दरम्यान मोठ्या टाकीतलं मीठ हळूहळू पूर्ववत आणलं होतं. नर्स ठणठणीत होती.

टब अजून औषधांच्या खोलीतच आहे. नवा मासा आता महिनाभर तिथे राहतो. खरेदीला जाताना डॉक्टर मला फोटो पाठवत नाहीत, पूर्ण एक मिनिटाचा व्हिडिओ पाठवतात. न्यूमोनियाचा संशय असलेल्या बाळाचा श्वास त्या घड्याळ लावून मिनिटभर मोजतात, तसाच दुकानातल्या माशाचाही मोजतात आणि आकडा व्हिडिओखाली लिहून टाकतात.