तीनातले दोन

"सर, बुध कमी सरकतोय."

एप्रिलची दुपार, फोंड्यात लाइट गेलेली, प्रयोगशाळेतले पंखे बंद आणि दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक येणार. तृतीय वर्षाची विद्यार्थिनी उघडा लॅपटॉप हातावर तोलून दारात उभी.

प्रोजेक्ट तिनेच निवडलेला. न्यूटनच्या नियमांनी ग्रह फिरवायचा, त्यात व्यापक सापेक्षतेची (आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षण सिद्धांताची) दुरुस्ती घालायची आणि बुधाचा उपसूर्यबिंदू, म्हणजे कक्षेतला सूर्याच्या सर्वात जवळचा बिंदू, शतकात किती जास्तीचा सरकतो ते काढायचं. उत्तर जगजाहीर आहे: ४३ विकला, आणि एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. १८५९ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांना हा हिशेब लागेना, तेव्हा सूर्याजवळ आणखी काहीतरी फिरत असावं असं त्यांनी मानलं. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइननी नवा ग्रह न आणता तो जुळवला. हिच्या पडद्यावर मात्र २८.७.

अशा वेळी माझा पहिला संशय पायरीवर असतो. संगणक कक्षा तुकड्यातुकड्यांनी पुढे नेतो. तुकडा मोठा असला की सापेक्षता न घालताही लंबवर्तुळ हळूहळू वळत राहतं, आणि पोरं त्यालाच आइन्स्टाइन समजतात. काही पद्धतींत ऊर्जा छान टिकलेली दिसते, त्यामुळे शंकाही येत नाही.

"दुरुस्ती बंद करून चालवलंस?"

चालवलं होतं, सरकणं जवळजवळ शून्य. वर एक हुशारीही केली होती. बुध एका फेरीत जेमतेम ०.१ विकला सरकतो. एवढंसं काही आकडेमोडीच्या चुकांत बुडू नये म्हणून तिने प्रकाशाचा वेग शंभरपट कमी धरला. परिणाम वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून तो दहा हजारपट मोठा. शेवटी तितक्यानेच भागायचं. हे मी शिकवलेलं नव्हतं.

मग २८.७ कुठून? ४३ चे दोन-तृतीयांश. इतका नेटका अपूर्णांक निष्काळजीपणातून येत नाही.

गोम एका ओळीत होती. पोटेन्शियल (ज्यातून गुरुत्वाचं बल निघतं ती राशी) काढताना तिने अंतरातून श्वार्त्झशिल्ड त्रिज्या (तेवढ्याच वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या, सूर्यासाठी सुमारे ३ किलोमीटर) वजा करून मग भागलं होतं. हे पाचिन्स्की आणि वीटा यांचं १९८० चं सूत्र, कृष्णविवराभोवतीच्या वायूच्या चकत्यांसाठी केलेलं. दिसायला गोंडस, आणि सर्वात आतली स्थिर वर्तुळाकार कक्षा ते ३ त्रिज्यांवर अगदी बिनचूक देतं.

जर्नलच्या पाठकोऱ्या कागदावर ते उलगडायला बसलो. सूर्यापासून दूर गेलं की न्यूटनच्या पदाशेजारी अंतराच्या वर्गाने भागलेलं एक पद उरतं. सापेक्षतेचं खरं पद अंतराच्या घनाने भागलेलं असतं आणि त्यात ग्रहाच्या कोनीय संवेगाचा वर्ग येतो. दर फेरीचं सरकणं पहिल्यातून ४π च्या पटीत, दुसऱ्यातून ६π च्या. पुढचं सगळं सारखं. तिने पेन्सिलीने ४ आणि ६ भोवती गोल काढले आणि स्वतःशीच पुटपुटली, "हें म्हाका कशें दिसलें ना!"

ओळ बदलली: न्यूटनच्या बलात त्या घनाच्या पदातून निघणारं, अंतराच्या चौथ्या घाताने भागलेलं जास्तीचं बल मिळवलं. बॅटरी संपत आली असताना ४३.० उमटलं. ती २८.७ खोडायला निघाली, पण मी तो आकडा अहवालात ठेवायला लावला.

परीक्षकांनी नेमका तोच धरला. "चुकलेलं सूत्र कशाला छापलंय?"

"सर, कृष्णविवराच्या काठाशी ते चुकत नाही. बुधाशी चुकतं."

"मग आकाशगंगेच्या केंद्राजवळचा एस२ तारा? त्याला कुठलं लावशील?"

तो १६ वर्षांत फेरी मारतो, एवढं तिला ठाऊक होतं. बाकीचे आकडे त्यांनी सांगितले आणि तिने तिथेच दोन्ही ओळी चालवल्या. जुन्या सूत्राने दर फेरीला ८ कला (एक कला म्हणजे ६० विकला), नव्याने १२. ग्रॅव्हिटी या खगोलशास्त्रज्ञांच्या गटाने २०२० मध्ये जाहीर केलेलं मोजमाप १२ च्या बाजूचं आहे, हे परीक्षकांनीच सांगितलं आणि पुढचा प्रोजेक्ट मागवला.