थंडीने करपलेलं झाड: कात्री जरा थांबवा

कडाक्याच्या थंडीत करपलेली पानं दिसली की हात आधी कात्रीकडे जातो. तो आवरा. ती काळी पानं आतल्या डोळ्यांवर, म्हणजे नवी पालवी जिथून फुटते त्या कळ्यांवर, पांघरुणासारखी असतात. गारठ्याच्या रात्री सरेपर्यंत राहू द्या. मग नखाने साल जराशी खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं असेल तर खाली सरकत जा आणि हिरवं लागलं की जिवंत डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर तिरका काप घ्या.

पाणी बेतानेच. पानं नसलेलं झाड पाणी फारसं ओढत नाही, मुळं कुजतात. माती २ इंच खोल कोरडी लागली तरच घाला. खत तर नवी पालवी बोटभर होईपर्यंत नकोच.

कलमी गुलाबाला कलमाच्या सांध्याखालून फुटवा आला तर तो खुंटाचा, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधलं त्याचा. जिथून फुटला तिथूनच उपटा.