शिकोकूच्या ४३९ वर मोठी गाडी नेऊ नका

जपानमध्ये शिकोकू बेटाची गाइडेड मोटरसायकल टूर घेणार असाल तर पैसे भरण्याआधी कंपनीकडून रोजचा रस्ता नंबरासकट लेखी मागून घ्या. आमच्या माहितीपत्रकात इया दरीच्या दिवसापुढे 'निसर्गरम्य डोंगरी रस्ता' एवढंच छापलं होतं. तो निघाला राष्ट्रीय मार्ग ४३९. जपानी बाइकवाले या रस्त्याला चांगलेच ओळखून आहेत, कंपनीही ओळखून होती. तरीही आम्हाला जास्तीचं भाडं लावून १२०० सीसीच्या वरच्या, तिन्ही बाजूंनी पेट्या लावलेल्या गाड्या दिल्या. गाइड स्वतः २५० सीसीवर आला. क्योबाशिरा खिंडीत त्याला विचारलं तर शांतपणे म्हणाला, "मी इथे नेहमी हीच आणतो." हे ओसाकात गाड्या ताब्यात देताना सांगायला हवं होतं.

४३९ तोकुशिमा शहरापासून शिमांतोपर्यंत साधारण साडेतीनशे किलोमीटर जातो. सगळाच वाईट नाही. मोतोयामा-तोसाच्या बाजूला तर छान दोन पदरी आहे. छळतो तो त्सुरुगी डोंगराजवळच्या मिनोकोशीपासून क्योबाशिरा खिंड ओलांडून ओतोयोत उतरेपर्यंतचा पट्टा. वरंध घाट निम्म्या रुंदीचा करा, वर देवदाराची गच्च सावली घाला, म्हणजे अंदाज येईल. डांबर फुटलेलं नाही, खड्डे नाहीत, त्यामुळे सुरुवातीला फसायला होतं. पण मधोमध हिरवं शेवाळ आणि दोन्ही बाजूंना देवदाराच्या ओल्या काड्यांचा थर. चाक चालवायला उरतात दोन काळ्या पट्ट्या, मोटारींच्या चाकांनी साफ केलेल्या, जेमतेम वीतभर रुंदीच्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ऊन त्या दरीत तळापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे पाऊस होऊन दोन दिवस झाले तरी रस्ता ओला असतो.

त्यात कडेची गटारं. डोंगराच्या बाजूने काँक्रीटची सरळसोट नाली जाते, आणि बऱ्याच ठिकाणी तिच्यावर झाकण नाही. पडलेल्या पानांनी ती भरली की रस्ता आणि नाली एकसारखी दिसतात. समोरून गाडी आली म्हणून सवयीने डावीकडे सरकलात की पुढचं चाक आत.

खिंडीच्या चढावर आम्हाला लाकडाच्या ओंडक्यांनी भरलेला ट्रक समोर आला. वळणावरच्या बहिर्गोल आरशात तो आधी दिसला हे नशीब. ट्रक मागे जाणं शक्य नव्हतं, म्हणजे आम्हीच मागे. अडीचशे किलोच्या वरची गाडी, उतार पाठीमागे, पायाखाली शेवाळ. पुढचा ब्रेक सोडला की गाडी धावते आणि दाबला की पुढचं चाक घसरतं. इंजिन बंद करून, गिअरमध्ये ठेवून, क्लच किंचित सोडत-दाबत एकेक हात मागे येत गेलो. मागचं चाक गटारापासून हातभरावर असताना ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला आणि मागून पेटी धरून उभा राहिला. आमच्यातल्या साताऱ्याच्या डॉक्टरसाहेबांची गाडी मात्र उभ्या उभ्याच आडवी झाली. त्यांना खरचटलंही नाही, पण पेटी चेपली आणि क्लचचा दांडा वाकला.

त्या पडण्याचा हिशेब ओसाकात परतल्यावर झाला. आम्ही सगळ्यांनी पूर्ण विमा घेतला होता. तरी 'नॉन-ऑपरेशन चार्ज' म्हणून ५०,००० येन वेगळे घेतले, कारण दुरुस्तीत गाडी बंद राहणार, तेवढं भाडं बुडणार. हा आकार जपानमध्ये भाड्याच्या गाड्यांना सर्रास असतो आणि साध्या विम्यात धरलेला नसतो. तो माफ करणारा जादा विमा बहुतेक ठिकाणी मिळतो, रोजचे थोडे पैसे लागतात. डोळे झाकून घ्या. आम्हाला तो कुणी देऊ केला नाही. आणखी एक: पडझड कितीही किरकोळ असो, ११० ला फोन करून पोलिसांना कळवा. पोलिसांकडे नोंद नसेल तर विम्याचा दावा अडतो.

टोलचं तर विचारूच नका. 'सर्व समाविष्ट' टूरमध्ये पेट्रोल, टोल, दुपारचं जेवण आणि प्रवेश शुल्क यातलं काहीच नव्हतं. होन्शू या मुख्य बेटाहून शिकोकूला जाणारे पूल महागडे आहेत, आणि त्यांवर ईटीसीचा (आपल्या फास्टॅगसारखी आपोआप टोल कापणारी सोय) दर रोखीपेक्षा बराच कमी पडतो. आमच्या गाड्यांना ईटीसी यंत्रं बसवलेली होती, प्रत्येक नाक्यावर फाटक आपोआप उघडत होतं. शेवटी बिल लावलं ते रोखीच्या दराने. भांडलो, फरक परत मिळाला, पण त्यात अर्धी संध्याकाळ गेली. ईटीसी कार्डाच्या वापराचा छापील तपशील निघतो, तो पहिल्याच दिवशी मागून ठेवा.

माझा स्पष्ट सल्ला असा. गाडी २५० ते ४०० सीसीची घ्या. जपानच्या एक्स्प्रेसवेवर १२५ सीसीच्या वरची कुठलीही मोटरसायकल चालते आणि तिथली वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ८० ते १०० किलोमीटर आहे, त्यामुळे मोठ्या इंजिनाचा उपयोग शून्य. गटात कुणी मागे बसून येणार असेल तर क्योबाशिरा पूर्ण वगळा. इयाचा वेलींचा पूल बघायचाच असेल तर ओबोकेकडून प्रांतीय रस्ता ४५ ने बोगद्यातून जा, त्याच रस्त्याने परत या आणि ३२ नंबरने ओतोयो गाठा. दोन पदरी, निवांत रस्ता आहे आणि खाली योशिनो नदीची घळ दिसत राहते. ४३९ करायचाच असेल तर सकाळी करा, दुपारी तीननंतर अजिबात नाही. आम्ही खिंडीत पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते आणि ओतोयोच्या बाजूची उतरण हेडलाइटमध्ये केली. डोंगरातले पेट्रोल पंप लवकर बंद होतात, रविवारी तर बरेच उघडतच नाहीत. अर्धी टाकी झाली की भरायची, हा नियम ठेवा. सेल्फ पंपावर लाल नळी साध्या पेट्रोलची, पिवळी हाय-ऑक्टेनची आणि हिरवी डिझेलची.

वेलींच्या पुलाबद्दल माझं मत: नाही गेलात तरी चालेल. दर तीन वर्षांनी नव्या वेलींनी तो बांधतात ते काम खरंच थोर आहे, पण आत पोलादी तारा आहेत, रांग लांब आणि पलीकडे जायचं ते एकाच दिशेने. त्यापेक्षा वरच्या ओकु-इयातले जोडपूल बघा, तिथे गर्दी कमी असते. नागोरो गावात रस्त्याच्या कडेला, बसथांब्यावर, शेतात माणसांच्या आकाराच्या बाहुल्या बसवल्या आहेत. गावात माणसांपेक्षा बाहुल्या जास्त. तिथे वेग कमी करा, कारण शेतात वाकलेल्या आकृतींमध्ये एखादी खरी आजीही असते.

नारुतोच्या सामुद्रधुनीतले भोवरे आम्हाला दिसलेच नाहीत. भोवरे भरती-ओहोटीच्या वेळेवर अवलंबून असतात, त्याचा तक्ताच मिळतो. कंपनीने मात्र जेवणाच्या सोयीने वेळ ठरवली होती. नारुतोच्या पुलाखालच्या काचेतून ४५ मीटर खाली सपाट पाणी बघायला पैसे मोजले. अकाशी-काइक्यो पूल ३,९११ मीटर लांब आहे, १९९८ पासून २०२२ पर्यंत जगातला सर्वांत लांब गाळ्याचा झुलता पूल होता. पण मोटरसायकलवरून तो बघायला मिळत नाही, आडवं वारं सांभाळण्यातच संपतो. बघायचा तर आवाजी बेटाच्या बाजूच्या थांब्यावर उतरून बघा. दोगो ओनसेन या गरम पाण्याच्या स्नानगृहाची १८९४ ची लाकडी इमारत, शिमानामीचे पूल, ओनोमिची हे सगळं सोपं आणि छान आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ओकायामाचं कोराकुएन उद्यान पुणेकरांनी चुकवू नये. सिंहगड रोडवरचं आपलं पुणे-ओकायामा मैत्री उद्यान ज्याच्यावर बेतलंय ते हे.

शाकाहाऱ्यांसाठी: सानुकी उदोनच्या (इथल्या जाड शेवयांच्या) रश्श्यात सुकी मासळी असते, वर काहीच घातलं नाही तरी. डोंगरात दुकानं नाहीत, त्यामुळे खाली शहरातल्या कोन्बिनीतून (चोवीस तास उघड्या छोट्या दुकानातून) प्लम घातलेले भाताचे गोळे म्हणजे ओनिगिरी, केळी, दाणे घेऊन ठेवा.

कागदपत्रं: भारताचा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा आहे आणि जपानला तोच चालतो. आरटीओकडून हातात आला की मोटरसायकलच्या रकान्यात शिक्का आहे ना ते तिथेच बघा, विमानतळावर नव्हे. गाडी डावीकडूनच चालवायची असल्याने जुळवून घ्यायला वेळ लागत नाही. मात्र 'थांबा'चा लाल उलटा त्रिकोण दिसला की चाक पूर्ण थांबलं पाहिजे, रेल्वे फाटकाशीही, फाटक उघडं असलं तरी. मधली पिवळी रेघ ओलांडून ओव्हरटेक करायचं नाही.

आणि आता शिकोकू कार्स्ट, म्हणजे चुनखडीचं पठार. यासाठी सगळे पैसे आणि सगळी ४३९ माफ. निओदो नदीच्या काठाने राष्ट्रीय मार्ग ३३, मग ४४० धरून वर चढलात की प्रांतीय रस्ता ३८३ थेट डोंगराच्या कण्यावरून जातो. साधारण चौदाशे मीटर उंची, दोन्ही बाजूंना उतरती कुरणं, गवतातून डोकावणारे चुनखडीचे पांढरे दगड, मधे मधे गाई आणि वर पवनचक्क्या. अरुंद हाही आहे, पण आभाळ उघडं आणि पुढचं वळण पुढच्या डोंगरावर दिसतं. कंपनीने इथे चाळीस मिनिटं दिली होती. आम्ही कुणीच हललो नाही, गाइडने शेवटी मात्सुयामाच्या हॉटेलला उशीर होईल म्हणून फोन केला. तुम्ही कंपनीशी आधीच बोलून एक मुक्काम याच पठारावरच्या तेंगू कोगेनला ठेवा, नारुतोचा अर्धा दिवस कापून टाका. दिवसा हिमेझुरुपर्यंत भाड्याच्या मोटारी येतात, सकाळी सातच्या आत रस्ता पूर्ण तुमचा. नोव्हेंबरात पहाटे वर दहिवर गोठतं, म्हणून हातमोज्यांचा जाड जोड पेटीत तळाशी न ठेवता वरच ठेवा. हिवाळ्यात रस्ता बंद होतो. मला विचाराल तर ऑक्टोबरचा शेवट किंवा मे, पण गोल्डन वीकची (एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीची) सुट्टी टाळून.