हिमोग्लोबिनची रेंज काढताना अडलो ते ‘निरोगी’ या शब्दावर

तपासणीच्या किटसोबत आलेल्या कागदावरची रेंज, म्हणजे निरोगी माणसाचा आकडा कुठून कुठपर्यंत असतो ती मर्यादा, तशीच्या तशी रिपोर्टवर छापायची, हे आपल्याकडे सर्रास चालतं. ती कुणाच्या रक्तावरून काढली, हे कुणी विचारत नाही. म्हणून जालन्यात आमच्या लॅबसाठी हिमोग्लोबिनची रेंज स्वतः काढायला घेतली.

हिशेब अवघड नाही. बायांचे 120 आणि पुरुषांचे 120 निरोगी सॅम्पल वेगवेगळे घ्यायचे. आकडे चढत्या क्रमाने लावले की तिसरा आकडा खालची मर्यादा, 118वा वरची.

पुरुषांचं पटकन उरकलं. बायांच्या यादीत महिने गेले. तब्येतीची तक्रार नाही, औषध नाही, दिवसभर शेतात काम, आणि हिमोग्लोबिन 9.8. फॉर्मवर ही बाई निरोगीच. अशा बाया यादीत राहिल्या की खालची मर्यादा घसरते आणि ज्यांना उपचार हवा त्यांच्याच रिपोर्टवर ‘नॉर्मल’ येतं. याचा मला फार राग येतो.

मग बायांसाठी नेहमी धरतात त्या 12 च्या खालच्या सरळ काढून टाकाव्यात का? अजिबात नाही. जी मर्यादा शोधायची तिच्यावरूनच माणसं निवडली, तर उत्तर आधीच ठरलेलं असतं. गाळायचं ते फेरिटिनवर, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या तपासणीवर: मिलीलिटरला 15 नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर बाद. सोबत सीआरपी (अंगातली सूज, इन्फेक्शन दाखवणारी तपासणी) कराच, कारण अंगात इन्फेक्शन असलं की लोह कमी असूनही फेरिटिन चढतं. एका सॅम्पलचं हिमोग्लोबिन 12.1 होतं, पण एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) 71 आणि फेरिटिन 6, दोन्ही कमी. फक्त हिमोग्लोबिन बघितलं असतं तर ती बाई यादीत राहिली असती. एमसीव्ही कमी आणि फेरिटिन चांगलं असेल तर थॅलेसेमिया ट्रेट (आईवडिलांकडून आलेला, सहसा त्रास न देणारा हिमोग्लोबिनचा दोष) तपासा. नांदेडमधल्या किनवटकडचे सॅम्पल असतील तर सिकलसेल (हाही हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष) पण. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, लोहाच्या गोळ्या चालू असलेल्या बाया आधीच वगळा. गाळून 120 उरायला हव्यात, म्हणजे बोलवायच्या त्याहून बऱ्याच जास्त.

हो, रक्त घेण्याआधी 15 मिनिटं बसवा. दंडाचा पट्टा मिनिटापेक्षा जास्त बांधून ठेवला तर हिमोग्लोबिन वाढीव येतं. ईडीटीए ट्यूब (रक्त गोठू नये म्हणून औषध घातलेली) खुणेपर्यंत भरून लगेच 8-10 वेळा हळुवार उलटीसुलटी करा. कॅम्प मे महिन्यात नको. अंगातलं पाणी कमी झालं की आकडे वर सरकतात.

तालुक्याच्या लॅबला 120 जमणार नाहीत. त्यांनी दुसरीकडची नीट काढलेली रेंज 20 सॅम्पलवर पडताळावी. 20 पैकी 2 पर्यंत रेंजबाहेर गेले तर ती वापरा, 3-4 गेले तर नवे 20 घ्या, 5 किंवा जास्त गेले तर ती रेंज सोडा. फेरिटिनची चाळणी या 20 जणांनाही लावायची.