खोलीचा शोध आणि 'अशी ही बनवाबनवी'

'अशी ही बनवाबनवी' कितीही वेळा बघितला तरी हसू येतंच. पण त्या हसण्यात एक गोष्ट मागे पडते. चित्रपटातल्या चौघा पोरांना पुण्यात हवी असते ती फक्त एक खोली. लीलाबाई काळभोर जोडप्यांनाच जागा देणार, म्हणून परशुरामची पार्वती होते, सुधीरची सुधा होते आणि भाड्याच्या खोलीसाठी बोललेलं खोटं डोहाळजेवणापर्यंत जाऊन पोचतं. १९८८ सालचा हा चित्रपट, वसंत सबनीसांचं लेखन, सचिन पिळगांवकरांचं दिग्दर्शन. गाव सोडून शहरात गेलेल्या पोरांची अडचण इतक्या नेमकेपणानं मराठी पडद्यावर दुसरीकडे क्वचितच आली असेल. अभ्यास, परीक्षा, प्रेम हे सगळं नंतर येतं. आधी डोक्यावर छप्पर लागतं.

कोल्हापूरला हे फार आधी कळलं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली इथं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघालं आणि पुढे मुस्लिम, लिंगायत, मिस क्लार्क बोर्डिंग अशी रांगच लागली. खेड्यातलं पोरगं शाळेपर्यंत पोचलं तरी रात्री झोपणार कुठे आणि जेवणार काय, हा प्रश्न महाराजांनी शिक्षणाचाच भाग मानला. याच १९०१ साली कोल्हापुरात व्ही. शांताराम जन्मले आणि त्यांच्याच नावाच्या निर्मितीसंस्थेनं पुढे हा बिऱ्हाड शोधणाऱ्यांचा चित्रपट काढला. योगायोगच, पण फार लोभस योगायोग.

म्हणून जूनमध्ये राजारामपुरीत, सागरमाळला किंवा विद्यापीठाच्या आसपास खोली शोधायला निघणाऱ्यांनी हा चित्रपट आधी पुन्हा एकदा बघावा. या वेळी घरमालकाच्या बाजूनं बघावा.

पहिली चूक सुरुवातीलाच दिसते. विश्वास सरपोतदारांच्या घरात भाडेकरू एकटा धनंजय माने, आणि राहणारे मात्र वाढत जातात. आपल्याकडे हेच रोज चालतं. "दोघंच राहणार" म्हणून खोली घ्यायची आणि ऑगस्टपर्यंत चौघं व्हायचे. मालकाला हे कळतं कसं, याचं पोरांना नेहमी नवल वाटतं. दारात चपलांचे सहा जोड असतात. वरची टाकी दोन दिवस पुरायची ती एका दिवसात रिकामी होते, मोटर दोनदा लावावी लागते. दोरीवर वाळत घातलेले टॉवेल मोजता येतात. मालक महिनाभर काही बोलत नाही आणि मग एकदम खोली खाली करायला सांगतो, तीही नेमकी सबमिशनच्या आठवड्यात. चौघं राहणार असाल तर पहिल्याच दिवशी चौघं सांगा. भाडं पाचशेनं वाढेल, एखादी खोली हातची जाईल, पण जी मिळेल ती वर्षभर टिकेल.

दुसरी गोष्ट करारपत्राची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असावा लागतो आणि तो नोंदवावाही लागतो. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी नको, असं एजंट सर्रास सांगतात, ते चूक आहे. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं मानलं जातं. स्टॅम्पपेपरवर टाईप करून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी झाली असं होत नाही. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे आणि मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्क्याच्या हिशोबानं लागतं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खोलीला ते शेकड्यातच राहतं. आधार आणि अंगठा घेऊन हे ऑनलाइनही होतं. चौघांत वाटलं तर माणशी खर्च एका सिनेमाच्या संध्याकाळीएवढा.

करारात नावं मात्र सगळ्यांची हवीत. एकाच्या नावावर खोली आणि बाकीचे 'मित्र', असं झालं की धनंजय मान्यांची गत होते. भाडं थकलं तर मालक त्या एकालाच धरतो. आणि तोच एक मध्ये कॉलेज बदलून निघून गेला, तर उरलेल्यांचा त्या खोलीवर कागदोपत्री काडीचा हक्क राहत नाही. अकरावी-बारावीची मुलं अठराच्या आतली असतात, त्यांची सही करारावर चालत नाही. तिथं पालकानं एक दिवस काढून यायलाच हवं.

डिपॉझिटवर आम्ही जरा जास्त बोलणार आहोत, कारण जिवाभावाची मैत्री तुटते ती बहुतेक इथंच. समजा डिपॉझिट २४,००० आहे आणि चौघांनी सहा-सहा हजार घातले. दिवाळीनंतर एक जण सोडून जातो, त्याच्या जागी नवा येतो. आता जाणाऱ्याला पैसे कोण देणार? मालक म्हणतो, खोली खाली झाल्यावर सगळे एकदम देईन, आणि त्याचं बरोबरच असतं. तेव्हा नव्यानं सहा हजार थेट जुन्याला द्यायचे. पण त्याआधी चौघांनी बसून तोवरचं नुकसान मोजायचं. फुटलेली काच, तुटलेला नळ, भिंतीला पडलेली भोकं, थकलेलं लाईटबिल. समजा ते १,२०० निघालं, तर जाणाऱ्याचे ३०० कापून ५,७०० त्याच्या हातात. ते ३०० उरलेल्या तिघांच्या ९०० सोबत सामायिक डब्यात, म्हणजे दुरुस्ती लगेच होते आणि नव्या पोराच्या गळ्यात जुनी काच पडत नाही. हे एका वहीत लिहायचं, चौघांच्या सह्या घ्यायच्या, पानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा आणि करारातलं नावही बदलून घ्यायचं. मित्रांत कसलं लिहायचं, असं ज्याला वाटतं त्यानं चित्रपटातले ते सत्तर रुपये आठवावेत. सरपोतदारांनी धनंजयकडे दिलेली रक्कम तेवढीच, पण ती त्यांना कधीच विसरता आली नाही. रकमेचा आकडा छोटा असला म्हणून माणसाला ती लागायची थांबत नाही.

लाईटबिलाचं भांडण मात्र लबाडीतून कमी आणि अज्ञानातून जास्त होतं. बऱ्याच घरांत महावितरणचा मीटर एकच असतो आणि खोल्यांना सबमीटर. घरगुती दर टप्प्यांनी चढतो: १०० युनिटपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, पुढे आणखी वरचा. चार खोल्या एकाच मीटरवर असल्या की एकूण आकडा सहज वरच्या टप्प्यात जातो आणि ज्यानं महिन्यात चाळीसच युनिट जाळले त्यालाही महाग दर पडतो. म्हणून मालक 'युनिटला इतके' म्हणतो तेव्हा आधी त्याचं मागच्या महिन्याचं बिल बघायला मागा. राहायला आल्या दिवशी सबमीटरच्या आकड्याचा फोटो काढा, तारखेसकट.

आणि पाणी तापवायचा रॉड. १,५०० वॅटचा रॉड चाळीस मिनिटं चालला की एक युनिट जळतं. हिवाळ्यात एका बादलीला वीस मिनिटं तरी लागतात. चार पोरं, चार बादल्या, म्हणजे रोजची दोन युनिटं आणि महिन्याला साठ, तीही फक्त अंघोळीची. हा हिशोब आधीच माहीत असला तर डिसेंबरच्या बिलावरून कुणी कुणावर संशय घेत नाही. रॉड बादलीत असताना पाण्यात बोट घालून ऊन बघायचं नाही. आधी बटण बंद, मग पिन काढायची, मग हात घालायचा. प्लॅस्टिकच्या बादलीच्या कडेला रॉड टेकला तर बादली वितळते. मध्ये आडवी लाकडी पट्टी ठेवून त्यावर तो अडकवावा.

खोली बघताना भाड्याच्या आधी पावसाचं विचारा. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या पुरात नदीकाठच्या आणि सखल भागातल्या घरांत पाणी शिरलं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात खोली दाखवतात तेव्हा सगळं कोरडं असतं, भिंतीला नवा रंग असतो. शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा की २०१९ ला इथं पाणी कुठवर आलं होतं. तो हात करून उंची दाखवतो. तळमजला स्वस्त का आहे, याचं उत्तर बरेचदा त्या हातातच असतं.

कॉलेज कुठे आहे तेही बघून ठरवा. गोकुळ शिरगावच्या बाजूला इंजिनिअरिंगला असाल आणि मित्र आहेत म्हणून मंगळवार पेठेत राहिलात, तर पहिलं लेक्चर रोज चुकणार. ७५ टक्के हजेरीचा घोळ बऱ्याचदा आळशीपणापेक्षा बसच्या वेळापत्रकात असतो. कागल, पन्हाळा, शिरोळ भागातल्यांनी खोली घेण्याआधी एसटीच्या पासाचा हिशोब जरूर करावा. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे तिकिटाच्या तिसऱ्या हिश्श्यात प्रवास. रोजचे दोन-अडीच तास जातात हे खरं, पण पहिलं वर्ष तरी घरचं जेवण मिळतं.

ज्यांना राहणं भाग आहे त्यांच्यासाठी खानावळ. पैसे देण्याआधी खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करण्याचा नियम विचारा. बऱ्याच ठिकाणी सलग तीन दिवसांच्या पुढचे आणि आदल्या दिवशी सांगितलेलेच खाडे धरतात. शनिवार-रविवार गावी जाणाऱ्याचे महिन्याचे आठ दिवस मग फुकट जातात. अशांनी महिन्याच्या खानावळीपेक्षा कुपनाचं पुस्तक घ्यावं किंवा एकवेळचा डबा लावावा. रविवारी संध्याकाळी चूल बंद असते, ते वेगळं धरा. मटणाच्या दिवशी पाहुणा नेलात तर त्याचे वेगळे पैसे पडतात आणि तांबडा-पांढरा पुन्हा मिळतो का, हे त्या मावशींच्या मर्जीवर. त्यांच्याशी नीट बोला. परीक्षेच्या काळात रात्री उशिरा दोन चपात्या झाकून ठेवतात त्या त्याच.

पैशाचीच ओढाताण असेल तर लपवू नका. शिवाजी विद्यापीठात 'कमवा व शिका' योजना आहे, काम करून शिकलेल्या कित्येक पिढ्या तिथून बाहेर पडल्या. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, मराठा आणि खुल्या प्रवर्गातल्यांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. यातला अर्ज अडतो तो बहुतेक वेळा दोनच ठिकाणी: उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा नसतो, किंवा बँकखात्याला आधार जोडलेला नसतो. हे दोन्ही मे महिन्यात, निकालाची वाट बघत असतानाच करून ठेवा. नोंदवलेलं करारपत्र इथंही उपयोगी पडतं, कारण कुठे राहता याचा पुरावा मागतात.

आता घरी बोलल्या जाणाऱ्या खोट्याबद्दल. चित्रपटात एक खोटं सांभाळायला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं, आणि प्रत्येकासोबत नवीन साक्षीदार उभा करावा लागतो. एटीकेटी लपवली की हेच होतं. एक विषय राहिला हे सांगितलं नाही, म्हणून फॉर्मचे पैसे 'प्रोजेक्ट'च्या नावानं मागितले जातात. मग प्रोजेक्ट कुठे आहे, असं वडील विचारतात. मग रूम पार्टनरला फोनवर सर बनवावं लागतं. या सगळ्यात उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवायची आणि फेरतपासणीची मुदत निघून जाते, आणि खरं नुकसान ते असतं. ती मुदत मोजक्याच दिवसांची असते. निकाल लागला त्याच दिवशी ती सूचना वाचा, फी किती ते बघा आणि संध्याकाळी घरी फोन लावा. "आई, एक विषय राहिलाय, पेपर परत तपासायला टाकतोय, इतके पैसे लागतील." एवढ्या एका वाक्यात तीन खोटी वाचतात. आई रागावेल. पण दुसऱ्या दिवशी पैसे येतात.

वर्ष संपताना खोली सोडायची असेल तर करारात लिहिली आहे तेवढी, बहुधा एक महिन्याची, आगाऊ सूचना मालकाला लेखी द्या, व्हॉट्सॲपवर दिली तरी त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा. परीक्षा मेमध्ये संपणार असेल तर ही सूचना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच जायला हवी. शेवटच्या दिवशी खोली झाडून घ्या, मीटरचा पुन्हा फोटो काढा, जूनमधला फोटो शेजारी ठेवा आणि किल्ली मालकाच्या हातात देतानाच डिपॉझिटचा हिशोब पुरा करा. गाडीची वेळ झाली म्हणून किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून जाऊ नका.